मुंग्यांत दिसलेला शेवट

पडद्यावर नावांची यादी वर सरकायला लागली तरी पिंकीने मोबाइल खाली ठेवला नाही. नावांनंतर असेल. हल्लीच्या पिक्चरवाल्यांना नावांच्या मागे शेपूट जोडायची खोड आहे, तशी तेव्हाच्यांनाही असेल, असं स्वतःला समजावत ती पलंगावर मांडी घालून बसून राहिली. कपडे शिवणारे, धूर सोडणारे, स्फोट करणारे, कुत्रा सांभाळणारा (कुत्रा तर अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाच, आणि तोही पाठमोरा), सगळ्यांची नावं गेली, मग काळा पडदा, आणि मग त्या काळ्यावर दुसराच कुठला तरी पिक्चर पाच, चार, तीन करत सुरू व्हायला निघाला. हिरवा दिवा आलाच नाही. शनिवारची दुपार होती, खाली उपनगर भागातल्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, स्वयंपाकघरात मम्मीच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली, आणि पिंकीला असं वाटलं की अजून एक पायरी आहे समजून आपण पाय टाकला आणि पायरीच नव्हती. तिने बोटाने पिक्चर मागे ओढला. डॉक्टर हेलन रिमोटचं बटण दाबते. रोबो गुडघ्यांवर बसतो. डोळे विझतात. ट्रक येतो, त्याला गोदामात नेऊन ठेवतात, वर ताडपत्री. मग ताडपत्रीखाली एक डोळा लुकलुकतो, म्हणजे दुसऱ्या भागाची सोय. संपलं. तिसऱ्यांदा ओढला तरी तेच.

'सेक्टर एकोणीस' हा पिक्चर पिंकी आज पहिल्यांदा बघत होती, आणि तरी तो तिला पाठ होता. पप्पांनी सांगितलेला. धम्मपाल, म्हणजे तिचे पप्पा, मनमाडच्या रेल्वे क्वार्टरांत वाढले, आणि तिथल्या व्हिडिओ सेंटरात लहानपणी त्यांनी हा पिक्चर अकरा वेळा पाहिला होता. पिंकी बालवाडीत असताना स्कूटरवर पुढे उभी राहून जायची, पप्पांची हनुवटी तिच्या डोक्यावर, आणि गोष्ट त्या हनुवटीतून खाली झिरपायची: डब्या नावाचा रोबो, हेमलता नावाची शास्त्रज्ञ, आणि काळ्या कोटातला टी.सी., जो डब्याच्या मागे हात धुऊन लागलेला. बिटको चौकात सिग्नल लाल असला की पप्पा मुद्दाम शेवटापाशी येऊन थांबायचे. सगळी माणसं रॉकेटात बसलीत, टी.सी. पोचत आलाय, आणि सिग्नलचा दिवाच फुटलाय, रॉकेट जागचं हलेना. तेव्हा डब्या छातीचं दार उघडतो, आतला हिरवा दिवा, ज्याच्यावर तो जगतो तोच, उपटून काढतो आणि हात उंच करून उभा राहतो. एक डबा जातो, दुसरा जातो, गार्डाचा डबा जातो. मग हात खाली येतो. एवढ्यात चौकातला दिवा हिरवा व्हायचा आणि पप्पा स्कूटर सोडायचे. बिटको चौकातही कुणीतरी छाती उघडून उभं आहे असं पिंकी कित्येक दिवस समजत होती, आणि उतरून बघायला मिळत नाही म्हणून एकदा रडलीही होती.

आठवीपर्यंत ती हजेरीला इतक्या हळू ओ द्यायची की अहिरे बाईंनी तिला दोनदा गैरहजर मांडलं होतं. नववीत काय झालं कुणास ठाऊक. म्हणजे ठाऊक होतं, तिला पक्कं ठाऊक होतं. जुलैत वक्तृत्वाला मुली कमी पडल्या, बाईंनी तिचं आम्रपाली हे रजिस्टरातलं नाव लिहून टाकलं, विषय 'जुन्या पडद्यावरचं भविष्य', आणि ती घाबरत घाबरत उभी राहिली आणि तिने डब्याचा शेवट सांगितला. हात उंच केला. हॉलमधले पंखे ऐकू यायला लागले. मग टाळ्या. त्या टाळ्यांतून जी मुलगी खाली उतरली ती वेगळीच होती. ती रिक्षावाल्याला 'काका, वळसा का घालताय' विचारायची, गणिताच्या तासाला मधेच हात वर करायची, आरशात बघून स्वतःला डोळा मारायची. आणि तिला मतं फुटली, उन्हाळ्यात घामोळं फुटावं तशी, सगळीकडे. जुने मारामारीचे आणि विज्ञानाचे पिक्चर आताच्यांपेक्षा भारी, हे तिचं पहिलं मत, आणि त्यावर ती कुणाशीही भांडायला तयार. आताच्या पिक्चरमध्ये अख्खं शहर कोसळतं आणि आपण खारे दाणे खात बसतो. जुन्यात एक खेळण्यातली गाडी फुटते, तिची दोरी दिसते, ठिणग्या सरळसरळ भुईनळ्यातून आलेल्या असतात, आणि तरी आपण पाय वर घेतो. कारण ते कुणीतरी हाताने केलंय, भाजलंही असेल बिचाऱ्याला. हिरोच्या गोळ्या संपत नाहीत हे खरं, पण व्हिलन स्वतःचं भाषण पूर्ण झाल्याशिवाय गोळी झाडत नाही हेही खरं, आणि त्यात एक सभ्यपणा आहे. त्यांचे कॉम्प्युटर गोदरेजच्या कपाटाएवढे, पुढे बल्ब लुकलुकणारे. त्यांना वाटलेलं भविष्य तर केव्हाच येऊन गेलं. आपण त्याच्या पलीकडे उभे आहोत, हातात चाचणीचे पेपर घेऊन, आणि ते लोक तिकडून आपल्याकडे इतक्या आशेने बघतायत की कधीकधी तिला हात हलवून सांगावंसं वाटायचं, या, इतकं काही वाईट नाहीये.

आज बघतानाही पहिली वीस मिनिटं ती नुसती मतं करत होती. रोबोची चाल एक नंबर, आतल्या माणसाची धाप ऐकू येते. हेलनचे बूट पळताना बदलतात. मग काळ्या कोटातला आला आणि त्याला कुणी टी.सी. म्हणेना. क्रेन म्हणत होते, मिस्टर क्रेन. पिंकीने आवाज वाढवला, खालच्या इंग्रजी ओळी वाचल्या. टी.सी. कुठेच नाही. भाषणात तिने 'टी.सी., म्हणजे टेक्निकल चीफ' असं स्वतःच्या मनाने फोडून सांगितलं होतं, आणि परीक्षकांनी मान डोलावली होती. क्रेन ऐकलं तेव्हाच शंका आली होती, फक्त तिने तिला ओळख दिली नव्हती.

फोन वाजला. पूजा, तिच्या बाकावरची. पूजानेच ही लिंक पाठवली होती, 'तुझा पिक्चर सापडला, शेवट बघ' असं लिहून, पुढे एक हसरा चेहरासुद्धा नाही.

"बघितलास?"

"बघितला."

"मग दिवा कुठंय?"

"कापला असेल. ही छोटी कॉपी असेल."

"सगळीकडे एवढाच आहे. मी तीन ठिकाणी बघितलं. आणि रॉकेटला गार्डचा डबा असतो का गं? मी तेव्हाच विचारणार होते. पण सगळे टाळ्या वाजवत होते, मग मीपण वाजवल्या."

"पूजा, पप्पांनी पाहिलाय तो. अकरा वेळा."

"असेल ना. मी बाईंना नाही सांगत, तूच सांग. मंगळवारी जिल्ह्याच्या फेरीत परीक्षकांपैकी कुणी पाहिलेला निघाला, तर सगळ्यांसमोर म्हणतील, मुलीने बनवून सांगितलं. मला ते बघायचं नाहीये, बस."

पूजा वाईट मुलगी नव्हती, हेच वाईट होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं. फोन ठेवून पिंकी खिडकीशी जाऊन उभी राहिली. आता दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर पप्पांनी ते बनवलं, लहान मुलीला सिग्नलला गप्प ठेवायला, आणि मग पप्पांच्या बाकीच्या गोष्टींचं काय, ते पुराच्या पाण्यात पोहलेले, ते शाळेत असताना मास्तरांना उलटं बोललेले. किंवा पप्पा विसरले, आणि विसरलेली माणसं कशी दिसतात ते तिला बघायचं नव्हतं. पण त्याच्याही खाली आणखी एक होतं, ते तिने हळूच उचलून बघितलं, दगड उचलून खालचा विंचू बघावा तसं: त्या टाळ्या कुणाच्या होत्या? जो दिवा नव्हताच तो दाखवून तिने त्या मिळवल्या असतील, तर त्यांतून उतरलेली ती वेगळी मुलगी तरी आहे का? तिने रिकाम्या खोलीत स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणून बघितलं. आवाज आठवीतला आला.

पप्पा साडेचारला सातपूरच्या कारखान्यातून आले, पहिल्या पाळीचे. जेवता जेवता त्यांनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि ते वितळले. "अगं हा बघ, हा बघ, आता ह्याचा हात निघणार." हात निघाला. "सांगितलं होतं का नाही?" पिंकी त्यांच्याकडे बघत होती, मोबाइलकडे नाही. पप्पांचा चेहरा इतका लहान तिने कधी पाहिला नव्हता, मिशा मागून चिकटवल्यासारख्या. मग तिने पिक्चर शेवटावर नेला. रिमोट. ट्रक. ताडपत्री. नावं.

"हे कापलंय," पप्पा म्हणाले.

"कापलेलं नाहीये, पप्पा. एवढाच आहे."

"मी पाहिलंय पिंके. मी काय खोटं सांगतो? नुसता हिरवा नव्हता तो, कडेला जरा निळसर होता. बोटांच्या फटींतून उजेड खाली पडत होता त्याच्या पायावर." पप्पांनी स्वतःचा हात वर धरला होता, आमटीचा, आणि तो तसाच राहिला.

"पिक्चरच आहे ना तो," मम्मी म्हणाली. "जेवा. हात वाळतोय."

पप्पांनी ताटातच हात धुतला, अर्धी भाकरी तशीच. पिंकीला वाटलं, आपण काहीतरी फोडलं. मग बराच वेळ ते गॅलरीत उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "उद्या मनमाडला जाऊ. सावळीरामकाकांना विचारू. हा पिक्चर त्यांनी सांगितलाय, त्यांना ठाऊक असणार."

"सांगितलाय म्हणजे?"

"म्हणजे सांगितलाय. इंग्रजी पिक्चर, आम्हाला काय कळणार? काका टीव्हीच्या बाजूला काठी घेऊन उभे राहायचे, आणि कोण काय बोलतंय ते सांगायचे. रेल्वेत होते ना, गँगमन, रुळांवर काम करणारे. ड्युटी सुटली की यायचे."

हे पप्पांनी आजवर कधीच सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, जसं पिक्चर पाहिला म्हणताना खुर्चीवर बसून पाहिला असं कुणी सांगत नाही. पिंकीला मात्र त्या काठीनंतर नीट झोप लागली नाही, आणि सकाळच्या गाडीत, लासलगावला कांद्याचा वास डब्यात भरून आला तेव्हाही, ती पप्पांच्या शेजारी बसून तिच्या डोक्यातला सगळा पिक्चर पुन्हा लावत होती आणि प्रत्येक ठिकाणी बाजूला एक माणूस उभा होता, जो तिला आजवर दिसला नव्हता. हनुवटीतून झिरपलेला आवाज पप्पांचा नव्हताच की काय. आवाजाच्या आत आवाज. बाहेर शेतं मागे पळत होती, आणि तिला भीती वाटत होती, आणि भीतीच्या बरोबरीने, लाज वाटावी इतकी, मजाही वाटत होती.

सावळीरामकाका दारातच बाजेवर बसले होते, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. आत त्यांची बायको कुसाबाई परातीत गहू निवडत होती.

"कोन, धम्म्या? पोट सुटलं का रं."

"काका, ही माझी पिंकी. आम्ही डब्याचा शेवट विचारायला आलोय."

"निस्तं भेटाया कुनी येत नाय," कुसाबाई आतून म्हणाली. "चहा ठेवते. बसा."

पप्पांनी सगळं सांगितलं, घाईघाईने, साक्षीदार पढवावा तसं: रॉकेट, फुटलेला सिग्नल, छातीचं दार, हात. सावळीरामकाका मान हलवत ऐकत होते, चांगलं भजन ऐकावं तसे. "ब्येस," ते शेवटी म्हणाले. "चांगला धरला तू ध्यानात."

"म्हणजे होता ना काका? कापलाय ना त्यांनी?"

"कापला आमच्या सेंटरच्या मालकानं. आरं, त्या कॅशेटीला शेवट व्हताच कुठं. पयल्याच खेळाला मशिनीनं खाल्ला. येवढा गुंता निघाला फितीचा. मालकानं कात्री लावली आन दिला फेकून. मंग तिथून पुढं निस्त्या मुंग्या."

मुंग्या म्हणजे काय ते पिंकीला मम्मीकडून ठाऊक होतं. जुन्या टीव्हीवर चित्र गेलं की काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची जी वळवळ यायची ती, खर्र आवाजासकट.

"पोरं उठंनात," काका सांगत होते. "काका, पुढं काय झालं, काका, पुढं काय झालं. म्या काय सांगू? मला विंग्रजी येतं व्हय? म्या समदा पिच्चरच आसा सांगायचो, तोंडं हालतात तसं. त्या बाईचं नाव 'हे' म्हनून सुरू व्हायचं, म्हनून हेमलता. आन काळा कोट घालून मानसाच्या मागं लागतो, तो टी.सी. नायतर कोन आसतो? मनमाडात तान्ह्या पोराला बी इचार." त्यांनी बाजेखालची काठी उचलली आणि हवेत एका जागी रोखली. "मंग म्या मुंग्यांवर आशी काठी धरली आन सांगत सुटलो. त्या आठवड्यात आमच्या गँगची बत्ती फुटली व्हती पुलाजवळ. तेच घातलं त्यात."

टेक्निकल चीफ, पिंकीच्या मनात आलं, आणि तिला इतकं हसू आलं की तिने ओठ आत ओढून घेतले. पण पप्पा हसत नव्हते. ते उंबऱ्यावर बसले होते, हात गुडघ्यांत.

"पण काका, मी पाहिलाय. निळसर कड होती त्याला."

"आसंल की," सावळीरामकाका म्हणाले. "म्या निस्ता हिरवा म्हनलो व्हतो. निळा तुझा."

ते वाक्य पिंकीच्या आत कुठेतरी पडलं आणि बराच वेळ पडतच राहिलं. नऊ वर्षांचा एक मुलगा वळवळत्या ठिपक्यांकडे बघत बसलाय, तिथे काही नाहीये, बाजूला एक माणूस बोलतोय, आणि त्या मुलाला दिवा दिसतो, त्याच्या बोटांच्या फटी दिसतात, पायावर पडलेला उजेड दिसतो, अकरा वेळा, दर वेळी तोच. हे खोटं बोलणं असेल तर खरं बघणं म्हणजे काय? तिला स्वतःला तरी तो कुठे दिसला होता, स्कूटरवरच ना, हवेत, गाड्यांच्या धुरात. आणि हॉलमध्ये तिने हात वर केला तेव्हा मुली तिच्या बोटांकडे बघत होत्या. पूजाही बघत होती, नंतर शंका आली ते वेगळं. त्या टाळ्या तिला आता हळूहळू वाटून टाकता येत होत्या, थोड्या या बाजेवर, थोड्या उंबऱ्यावर, आणि गंमत म्हणजे वाटल्या तरी तिच्याकडे उरत होत्या.

"मंग खरा शेवट काय हाय गं?" सावळीरामकाकांनी विचारलं. त्यांचा उघडा डोळा तिच्यावर होता. "तीस-पस्तीस वर्सं झाली, मला अजून ठाऊक नाय."

तिने सांगितलं. काहीही न घालता सांगितलं. बटण, गुडघे, ट्रक, गोदाम, ताडपत्री, एक डोळा.

"वखारीत ठेवला?"

"हो."

"काम करनारा चांगला गडी, त्याला झाकून ठेवला?"

"रिटायर केला म्हना की," कुसाबाई चहाचे कप आणता आणता म्हणाली. "तुमच्यावानी. डोळा बी एकच चालू."

सावळीरामकाका इतके हसले की त्यांना पट्टी धरून ठेवावी लागली. पप्पाही हसले, उशिरा, पण पोटातून, आणि त्यांचे खांदे खाली आले. "बरा नाय शेवट," काका डोळा पुसत म्हणाले. "पर त्यांनी केला तो त्यांचा. म्या केला तो माझा. तुझा कोन्ता?"

"माझा?"

"मंगळवारी उभं ऱ्हायचं म्हनतो ना तुझा बाप. माझा तर तू सांगून मोकळी झाली. आता मुंग्या तुझ्यापुढं हायेत, बाई. मी काय येत नाय तिथं काठी घिऊन."

पिंकीने मोबाइल काढला आणि पूजाला लिहिलं, दिवा पिक्चरमध्ये नव्हता, टेक्निकल चीफपण नव्हता, मंगळवारी हेच सांगणार आहे, सगळं, मनमाडसकट. बाईंनाही उद्या सकाळीच सांगते. पूजाचं उत्तर लगेच आलं: मग भाषणाचा शेवट काय करणार? पिंकीने ते वाचलं, मोबाइल बंद करून बाजेवर उताणा टाकला आणि उभी राहिली. भीती होती, पण ती जुलैतल्यासारखी, वर चढणारी. समोर चुन्याची भिंत होती, तिच्यावर एक खिळा आणि खिळ्याला काहीच नाही. ती भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, पाठ करून नाही, तिरकी.

"गोदाम आहे," ती म्हणाली. आवाज नववीतला होता. "वर पत्र्याला भोक आहे, त्यातून उन्हाची एक कांडी खाली आलीय. ती दिवसभर सरकते आणि चार वाजता ताडपत्रीवर येते. डब्याला बंद केलंय, पण ऊन लागलं की त्याला थोडं थोडं कळायला लागतं. पहिल्या दिवशी एक बोट. दुसऱ्या दिवशी..." ती थांबली, कारण दुसऱ्या दिवशी काय ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्यात ते तिला दिसलं. "दुसऱ्या दिवशी गोदाम झाडायला एक बाई येते. ती ताडपत्री उचलून बघते. घाबरत नाही. तिला वाटतं, पुतळा आहे. ती त्याचा चेहरा पदराने पुसते, आणि पुसता पुसता त्याला स्वतःचं सगळं सांगत बसते, कारण घरी तिचं कुणी ऐकत नाही. डब्या ऐकतो. त्याला तिची भाषा येत नाही..."

"मंग?" सावळीरामकाका म्हणाले.

पिंकीचा हात आपोआप भिंतीकडे गेला होता. कुसाबाई रिकामे कप गोळा करत मधे आली आणि गोष्ट ऐकता ऐकता तिथेच उभी राहिली, भिंतीपुढे, कप छातीशी धरून. उंबऱ्यावर बसलेल्या पप्पांनी मान एका बाजूला वाकवली, मग दुसऱ्या.

"काकू," ते म्हणाले, "जरा सरका बाजूला. दिसत नाहीये."